घाम, वेदना आणि मज्जातंतू : कोरड्या चट्ट्याकडे दुर्लक्ष नको



३० जानेवारी हा दिवस आपण हुतात्मा दिन म्हणून पाळतो. आपल्या देशात तोच दिवस कुष्ठरोग निवारण दिन म्हणूनही पाळला जातो. सकाळी दोन मिनिटे मौन होते, प्रतिज्ञा होते, आणि विषय तिथेच संपतो. या वेळी तो तिथे संपू नये म्हणून हा पाठ लिहीत आहे. दुसरे कारण म्हणजे उन्हाळा तोंडावर आला आहे. तुकईथडचा उन्हाळा कसा असतो हे कुणाला सांगायला नको. त्या दिवसांत घामाला सगळेच कंटाळतात; पण अंगाच्या एखाद्या भागाला घामच न येणे किंवा एकाच बाजूला भलताच घाम येणे, हे कशाचे लक्षण आहे याचा विचार फार थोडे लोक करतात.

पाठाचे सार आधीच सांगून ठेवतो. घाम हे मज्जातंतूंचे काम आहे. जिथला मज्जातंतू बिघडतो तिथला घामही बिघडतो. हा बिघाड लवकर ओळखला तर हात, पाय आणि कधी जीवही वाचतो.

शब्दांविषयी एक खुलासा. मी हिंदी माध्यमात शिकलो. तिथे 'तंत्रिका' हा शब्द होता. महाराष्ट्राच्या पुस्तकांत 'चेता' किंवा 'मज्जातंतू' म्हणतात, आणि घरी आपण सरळ 'नस' म्हणतो. पण रक्तवाहिनीलाही आपण नसच म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो. म्हणून या पाठात मज्जातंतू हाच शब्द वापरला आहे.

१. घाम कसा येतो?

आपल्या त्वचेत सुमारे २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात. तळहात आणि तळपाय यांवर त्या सर्वांत दाट असतात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. रक्त तापू लागले की त्याला ते कळते. मग तो पाठीच्या कण्यातून, तिथून बारीक मज्जातंतूंमधून, प्रत्येक ग्रंथीला निरोप पाठवतो : पाणी सोडा. ते पाणी त्वचेवर येऊन वाळते आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते याच नियमाने. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. भर उन्हात राबणारा माणूस तासाला एक लिटर किंवा त्याहूनही जास्त घाम गाळू शकतो.

मज्जातंतूच्या टोकापासून ग्रंथीपर्यंत निरोप नेणारे एक रसायन असते. त्याचे नाव ॲसिटिलकोलीन. या रसायनाच्या शोधाबद्दल ऑटो लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शेतकरी कुटुंबांना हे नाव ठाऊक असणे उपयोगाचे आहे. कपाशीवर मारण्याची काही कीटकनाशके शरीरात गेली की हे रसायन साचत जाते. मग अंगाला घामाच्या धारा लागतात, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. धोतऱ्याचे बी पोटात गेले तर उलट घडते : निरोपच अडतो, अंग तापते पण कोरडे राहते, बाहुल्या मोठ्या होतात. या दोन्ही वेळी घरगुती उपायात वेळ न घालवता माणसाला लगेच दवाखान्यात न्यावे.

२. मज्जातंतू तुटला तर

हातापायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूत तीन प्रकारचे धागे एकत्र असतात. एक हालचालीचे, दुसरे स्पर्श आणि वेदना कळवणारे, तिसरे घाम व रक्तवाहिन्या सांभाळणारे. विजेच्या केबलमध्ये जशा अनेक तारा एका आवरणात असतात तसेच हे आहे. केबल तुटली की तिन्ही कामे एकदम थांबतात.

समजा, विळ्याने किंवा काचेने मनगटाच्या आतल्या बाजूला खोल जखम झाली आणि मधला मज्जातंतू कापला गेला. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट सुन्न होईल, आणि तेवढ्याच भागाला घाम येणेही बंद होईल. जुने सर्जन यावरून छान परीक्षा करत. प्लॅस्टिकचे गुळगुळीत पेन बोटावरून हलके ओढायचे. निरोगी त्वचा किंचित ओलसर असते म्हणून पेन थोडे अडखळते; मज्जातंतू तुटलेल्या कोरड्या त्वचेवरून ते सरकन निघून जाते.

दुसरी परीक्षा तुम्ही रोज पाहता. पाण्यात बराच वेळ हात घातला की बोटांना सुरकुत्या पडतात. आपण समजतो की कातडी भिजून फुगली. पण मज्जातंतू तुटलेले बोट कितीही भिजवले तरी त्याला सुरकुत्या पडत नाहीत! म्हणजे हे कामही मज्जातंतूच करतात. ओरायन नावाच्या सर्जनने १९७३ मध्ये ही परीक्षा प्रसिद्ध केली. जी लहान मुले बोट सुन्न आहे की नाही हे सांगू शकत नाहीत, त्यांच्यासाठी ती फार सोयीची आहे.

३. कुष्ठरोग : कोरडा आणि बधिर चट्टा

आता मुख्य विषयाकडे येऊ. आपल्या भागात मज्जातंतूंना इजा करणारा, ओळखायला सोपा आणि पूर्ण बरा होणारा रोग म्हणजे कुष्ठरोग. त्याला जुने लोक महारोग म्हणत. त्याचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधला. म्हणजे हा शाप नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही आणि आईबापांकडून रक्तातून येणारा रोगही नाही. हा जंतूंचा रोग आहे.

या जंतूला शरीराचे थंड भाग आवडतात : त्वचा, नाक आणि त्वचेजवळून जाणारे मज्जातंतू. तो मज्जातंतूतच घर करतो. त्यामुळे त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो, आणि त्या चट्ट्यात तीन गोष्टी कमी होतात : स्पर्श, घाम आणि केस. शेतात काम करून सगळे अंग ओले झाले आणि पाठीवरचा एक चट्टा तेवढा कोरडा, धूळ बसल्यासारखा दिसला, तर ती गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. असा चट्टा खाजत नाही, दुखत नाही. म्हणूनच माणूस महिनोन्महिने गप्प राहतो. गजकर्ण खाजते म्हणून त्यासाठी लोक दवाखान्यात जातात. आणि जो रोग हात निकामी करू शकतो तो दुखत नाही म्हणून घरीच राहतो.

पुढे कोपराजवळचा, गुडघ्याजवळचा किंवा घोट्याजवळचा मोठा मज्जातंतू बिघडला तर पूर्ण तळहात किंवा तळपाय कोरडा पडतो. घाम नाही म्हणून कातडी कडक होते, तिला भेगा पडतात. स्पर्श नाही म्हणून भेग कळत नाही. काटा रुततो, गरम पातेल्याचा चटका बसतो, चप्पल घासते, पण माणूस तसाच चालत राहतो. जखमेत पू होतो, तो हाडापर्यंत जातो. लोक म्हणतात की बोटे झडली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम करणारे सर्जन पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिले की बोटे आपोआप झडत नाहीत; वेदना न कळल्यामुळे झालेल्या लहानमोठ्या जखमांनी ती जातात. वेदना ही आपली शत्रू नाही, पहारेकरी आहे. पहारेकरी गेला की घर लुटले जाते.

मराठी माणसाने या कामात जे केले त्याचा आपल्याला अभिमान असायला हवा. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवेचे काम सुरू केले. १९३९ मध्ये संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री हा रोग घेऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालीश केली. आपल्या गावापासून मेळघाट ओलांडला की अमरावती. तिथे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन उभे केले. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन १९४९ पासूनचे. त्या काळात खात्रीचे औषध नव्हते, म्हणून रुग्णाला आधार देणे, काम देणे, माणूस म्हणून जवळ करणे हाच मोठा उपचार होता.

आज औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात आणि सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. उपचार सुरू झाला की रोग दुसऱ्याला लागण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. शिवाय बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला परतवण्याची शक्ती जन्मतःच असते. म्हणून गोळ्या घेणाऱ्या मुलाने शाळा सोडण्याचे काहीच कारण नाही.

डिसेंबर २००५ मध्ये भारतात राष्ट्रीय पातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून खाली आले. त्याला 'निर्मूलन' म्हटले गेले आणि अनेकांना वाटले की रोग संपला. तो संपलेला नाही. जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही आपल्या देशात सापडतात. कायद्याने मात्र एक पाऊल पुढे टाकले आहे : १८९८ चा जुना कुष्ठरोगी कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि २०१९ च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिले नाही. आता समाजाने पाऊल उचलायचे आहे.

रुग्णांसाठी दोन सूचना. पहिली, उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपराजवळ किंवा पायात ठणका लागला, तर ती औषधाची चूक समजून गोळ्या बंद करू नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वेळेवर उपचार मिळाला तर मज्जातंतू वाचतो. दुसरी, एका गोळीने त्वचा काळपट आणि कोरडी होते. औषध संपल्यावर रंग हळूहळू निवळतो. जंतू मेले तरी काहींच्या मज्जातंतूतली जळजळ वर्षानुवर्षे राहते. 'बरा झालास ना, मग का कण्हतोस?' असे त्यांना म्हणू नये. ती वेदना खरी असते.

४. वेदना खूप आणि घामही खूप

आतापर्यंत घाम थांबण्याचे पाहिले. कधी उलटही होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) सायलस वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरने मज्जातंतूला गोळी लागलेले अनेक सैनिक तपासले. जखम भरली तरी हातपायाची आग थांबत नसे. काही सैनिक हाताला सतत ओले फडके गुंडाळत, काही तर बुटात पाणी ओतून चालत. मिचेलने या आगीला 'कॉझाल्जिया' हे नाव दिले.

आज अशा आजाराला 'कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम' म्हणतात. तो युद्धातच होतो असे नाही. मनगटाचे हाड मोडले, प्लॅस्टर झाले, हाड जुळले. पण हात दुखायचे थांबत नाही, उलट वाढते. नुसते पदर लागला तरी कळ येते. हात सुजतो, रंग बदलतो, दुसऱ्या हातापेक्षा गरम किंवा थंड लागतो, आणि तळहाताला जास्त किंवा कमी घाम येतो. डॉक्टर निदान करताना या घामाचा फरकही लक्षात घेतात. अशा माणसाला घरात 'नाटक करतो' किंवा 'कामचुकार आहे' असे ऐकावे लागते. ते अन्यायाचे आहे. एका हाताला घाम आणि दुसरा कोरडा, हे सोंग कोणालाही आणता येत नाही. उपाय म्हणजे लवकर निदान, योग्य औषध आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हात हळूहळू वापरात आणणे. भीतीने हात महिनोन्महिने गळ्यात बांधून ठेवला तर तो आखडतो.

जुनाट दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी घाम वाढतो, काहींनी कमी होतो. म्हणून घामात बदल झाला तर गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे, मनाने गोळी सोडू नये.

५. मधुमेह आणि पाठीचा कणा

मधुमेह फार वर्षे आटोक्यात नसला तर सर्वांत लांबचे मज्जातंतू आधी बिघडतात, म्हणजे पायाचे. पाय कोरडे पडतात, टाचा फुटतात, मुंग्या येतात, रात्री जळजळ होते. पायाला घाम कमी आणि छाती-चेहऱ्याला जास्त, असेही दिसते. काहींना जेवताना चेहऱ्यावर घाम फुटतो. मात्र मधुमेहाच्या रुग्णाला एकाएकी गार घाम सुटून हात थरथरू लागले, तर साखर घसरली असण्याची शक्यता असते. शुद्धीवर असल्यास लगेच साखर किंवा गूळ द्यावा. आणि छातीत दुखून गार घाम आला तर ते हृदयाचे लक्षण समजून १०८ ला फोन करावा.

झाडावरून किंवा विहिरीत पडून पाठीचा कणा दुखावला, तर इजेच्या खालच्या अंगाला घाम येत नाही. अशा माणसाला उन्हात बसवून ठेवणे धोक्याचे आहे. इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल आणि त्याला एकाएकी डोके फुटल्यासारखे दुखून चेहऱ्यावर घाम आला, तर आधी त्याला उठवून बसवावे आणि लघवीची नळी तुंबली आहे का ते पाहावे. खाली तुंबलेल्या लघवीचा त्रास त्याला कळत नाही. रक्तदाब मात्र भयंकर वाढतो. लगेच उपचार हवा.

६. जन्मतः वेदना नाही, घामही नाही

फार थोडी मुले अशी जन्मतात की त्यांना वेदना कळत नाही आणि घामही येत नाही. वेदना कळवणारे बारीक मज्जातंतू आणि घामाचे मज्जातंतू पोटातल्या बाळात एकाच वाढीच्या रसायनावर पोसले जातात. ज्या जनुकामुळे ते रसायन कामी येते, त्यात दोष असला की दोन्ही एकदम बंद. १९९६ मध्ये जपानच्या संशोधकांनी हा दोष शोधून काढला. अशी मुले स्वतःची जीभ चावतात, हाड मोडले तरी खेळत राहतात, आणि साध्या उन्हाने त्यांना मोठा ताप चढतो. वेदना आणि घाम ही भावंडे आहेत, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

७. आपण काय करावे?

*विद्यार्थ्यांनी :* अंगावर न खाजणारा, फिकट किंवा लालसर, सुन्न चट्टा दिसला तर आईला दाखवावा. लाजू नये. वर्गातल्या कोणाला असा चट्टा असेल तर त्याला चिडवू नये.

*पालकांनी :* महिन्यातून एकदा मुलांचे अंग उजेडात पाहावे. चट्टा दिसल्यास आशाताईंना सांगावे किंवा सरकारी दवाखान्यात दाखवावे. सुन्न भागाला गरम वीट, गरम पाण्याची पिशवी कधीही लावू नये. कोरडे, सुन्न हातपाय रोज पंधरा-वीस मिनिटे साध्या पाण्यात भिजवावेत, जाड कातडी हलके घासावी, आणि ओलसर असतानाच तेल लावावे म्हणजे ओलावा आत टिकतो. अनवाणी चालू नये. मऊ तळव्याची चप्पल वापरावी आणि रोज रात्री तळपाय तपासावेत.

*विश्वस्त मंडळींना विनंती :* मैदानाजवळ सावली आणि पिण्याचे पाणी उन्हाळ्याआधी व्हावे. ज्या मुलाला घाम येत नाही, जो मुलगा उन्हात लाल आणि कोरडा पडतो, त्याला उन्हातल्या कवायतीची सक्ती नसावी. वर्षातून एकदा त्वचेची तपासणी आरोग्य विभागाच्या मदतीने शाळेत व्हावी. मुलींची तपासणी महिला कार्यकर्तीने, आडोशाला करावी.

करून पाहा

बटाट्यावर आयोडीन टाकले की निळा-काळा रंग येतो हे तुम्ही शिकला आहात. हाच गुण घाम पाहायला वापरता येतो. विज्ञानाच्या सरांसमोर बोटाच्या टोकाला प्रयोगशाळेतले आयोडीन थोडे लावा आणि पूर्ण वाळू द्या. मग थोडे धावून या आणि बोट साध्या पांढऱ्या झेरॉक्सच्या कागदावर दाबून धरा. कागदात पिष्ट असेल तर बारीक निळे-काळे ठिपके उमटतील. एक ठिपका म्हणजे घामाचे एक छिद्र. याच तत्त्वावर डॉक्टर चट्ट्यात घाम येतो की नाही हे पाहतात. (आयोडीन सोसत नसेल त्यांनी प्रयोग करू नये. जखमेवर लावू नये. नंतर हात साबणाने धुवावेत.)

स्वाध्याय

१. मज्जातंतूतील धाग्यांचे तीन प्रकार कोणते?
२. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात कोणत्या तीन गोष्टी कमी होतात?
३. 'बोटे झडतात' हा समज चुकीचा का आहे?
४. घरातील आजी-आजोबांना विचारा : पूर्वी गावात महारोग झालेल्या माणसाशी लोक कसे वागत? त्यांचे उत्तर आपल्या शब्दांत दहा ओळींत लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. कोणाचेही नाव लिहू नये. निवडक उत्तरे पुढील अंकात छापली जातील.

— प्राचार्य